शितावरून भाताची परीक्षा

१ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीचे शेवटच्या टप्प्यातील मतदान संपले आणि काही वेळातच दूरचित्रवाणीच्या पडद्यांवर देशाचा निकाल लागून गेला. बहुतेक संस्थांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या पुढे जागा दिल्या. काहींनी ४०० चा आकडाही गाठून दाखविला. ३ जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे २,५०० अंशांनी वर गेला. ४ जूनला मतमोजणी झाली, आघाडीच्या पदरात २९३ आणि भारतीय जनता पक्षाच्या पदरात २४० जागा पडल्या आणि निर्देशांक एका दिवसात ४,३०० हून अधिक अंशांनी कोसळला. या दोन दिवसांत कोणी कमावले आणि कोणी गमावले याची चर्चा पुष्कळ झाली. उन्हात रांग लावून मत देणारा शेतमजूर मात्र या कमाईत नव्हता आणि चर्चेतही नव्हता.

आकडे चुकले म्हणून जनमत चाचणीचे शास्त्रच थोतांड ठरविण्याचे कारण नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. फक्त वरचे शीत शिजलेले आणि तळाचा भात करपलेला असला, तर ती फसते. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ मध्ये सुमारे एक कोटी लोकांना पत्रे धाडली, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली आणि रूझवेल्ट पराभूत होणार असे सांगितले. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीत होरपळलेला बेकार त्या याद्यांत येणार कोठून? रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले, आणि त्याच निवडणुकीचा कल गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून अचूक ओळखला. आपल्याकडे २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या झगमगाटात चाचण्यांनी वाजपेयी सरकारला सत्तेच्या दारात नेऊन बसविले होते, प्रत्यक्षात काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या.

शिवाय मतांवरून जागा काढणे हा आपल्या निवडणूक पद्धतीत निसरडा व्यवहार आहे. भाजपची मते २०१९ मध्ये ३७ टक्क्यांच्या किंचित वर होती, २०२४ मध्ये ती साडेछत्तीसच्या आसपास राहिली. एक टक्काही मते घटली नाहीत. जागा मात्र ३०३ वरून २४० वर आल्या. तरीही वृत्तपत्रांना आणि त्यांच्या जाहिरातदारांना हवा असतो तो जागांचाच आकडा. घोड्यांच्या शर्यतीत प्रेक्षकाला घोड्याच्या पोटाची विचारपूस करावीशी वाटत नाही.

मतदाराच्या पोटाविषयीची उत्तरे वास्तविक त्याच चाचण्यांत सापडतात. सीएसडीएस-लोकनीती या संस्थेने मतदानापूर्वी सुमारे दहा हजार मतदारांना विचारले, तेव्हा २७ टक्क्यांनी बेकारी आणि २३ टक्क्यांनी महागाई हा मुख्य प्रश्न सांगितला. राममंदिराचे नाव घेणारे ८ टक्के होते. नोकरी मिळणे पूर्वीपेक्षा कठीण झाले असे ६२ टक्के म्हणाले. हा देश सर्व धर्मांच्या नागरिकांचा सारखाच आहे असे ७९ टक्क्यांनी सांगितले. १९९० च्या दशकात याच संस्थेच्या पाहण्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली होती: भारतात गरीब आणि दलित मतदार सुखवस्तूंच्या बरोबरीने, अनेकदा त्यांच्याहून अधिक मतदान करतो. मतदानाच्या सुट्टीत सहलीला जाणाऱ्या आणि ‘झोपडपट्टीची मते विकत मिळतात’ असे म्हणणाऱ्या वर्गाला हे उत्तर पुरेसे होते.

तथापि या आकड्यांनी सुखावून जाणाऱ्या कार्यकर्त्याने पुढची ओळही वाचली पाहिजे. ज्या मतदारांनी बेकारीचे दुःख सांगितले, त्यांच्याच पाहणीत सत्ताधारी आघाडी पुढे होती. नोकऱ्या घटल्या याला जबाबदार कोण, या प्रश्नावर निम्म्याहून अधिक लोकांनी केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांकडे बोट दाखविले. जेथे दोष दोघांचा, तेथे शिक्षा कोणालाच होत नाही. दुःख आहे, त्याची जाणीव आहे, पण त्या दुःखाला कर्ता नाही. पाऊस पडत नाही तसे काम मिळत नाही, इतक्या सहजपणे ते सोसले जाते. विरोधी पक्षांचे अपयश या ठिकाणी आहे, आणि चाचण्यांवर ‘गोदी माध्यमां’चा शिक्का मारून ते झाकले जाणार नाही.

उत्तर कोणापुढे दिले जाते, याचाही विचार व्हावयास हवा. घरातील कर्ता पुरुष शेजारी उभा असताना बाई आपले मत सांगत नाही. गावच्या पुढाऱ्याच्या ओट्यावरून वस्तीतला माणूस ‘बरं चाललंय’ असेच म्हणतो. १९७७ च्या आरंभी आणीबाणीच्या छायेत कोणी दार ठोठावून प्रश्न विचारले असते, तर उत्तर प्रदेशाने काय सांगितले असते? मार्चमध्ये त्या राज्यात काँग्रेसला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. मौनाची टक्केवारी काढण्याचे गणित अद्याप कोणास साधलेले नाही.

ते मौन ओळखण्याची संधी ज्याला रोज असते, तो कार्यकर्ताही आज संध्याकाळी पडद्यासमोरच बसलेला आढळतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांच्या साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराकडून एक हजार रुपये आणि राखीव प्रवर्गातील उमेदवाराकडून नऊशे रुपये परीक्षा शुल्क घेतले गेले. ही भरती कोणत्या सरकारची, शुल्क कोणी ठरविले आणि रिक्त पदे इतकी वर्षे कोणी राहू दिली, या प्रश्नांची उत्तरे ‘दोन्ही सरकारे’ अशी नाहीत. अर्ज भरणारी मुले तालुक्याच्या अभ्यासिकांत बसलेली आहेत आणि त्यांच्याकडे शुल्काच्या पावत्याही आहेत.