संसार वेगळे, करविवरण मात्र जोडलेलेच

पती-पत्नी वेगळे राहू लागले की मुलाचा ताबा कोणाकडे, यावर न्यायालयात वाद होतो. प्राप्तिकराचा प्रश्न बहुधा शेवटी आठवतो. अमेरिकेसारख्या देशात मुलाला अवलंबित दाखवून करलाभ कोणत्या पालकाने घ्यायचा, हाच वादाचा विषय ठरतो. भारतात ताब्यावर आधारलेली अशी सर्वसाधारण सवलत नाही. गोव्यातील अडचण वेगळी आहे आणि अधिक खोल आहे.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहपूर्व करार नसल्यास, दांपत्याची मालमत्ता सामाईक असते. म्हणून प्राप्तिकर कायद्याप्रमाणे वेतनाखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे विभागून करआकारणी होते. केवळ वेगळे राहिल्याने ही विभागणी थांबत नाही.

समजा, डिचोलीत मुलासह राहणाऱ्या शिक्षिकेचे करपात्र वेतन ११.२५ लाख रुपये आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी तिला कर शून्य. पेडण्यात राहणाऱ्या पतीला खोल्यांच्या भाड्यातून ४ लाखांचे करपात्र उत्पन्न होते. त्यातील २ लाख तिच्या उत्पन्नात धरले जातात, एकूण १३.२५ लाखांवर उपकरासह ८१,९०० रुपये कर बसतो. भाड्यातील एक रुपयाही तिच्या हाती आलेला नसतो. शिवाय विवरणपत्रातील ५-ए च्या तक्त्यात जोडीदाराच्या उत्पन्नाचा तपशील भरावा लागतो. बोलणेच बंद असेल तर तो मिळवायचा कुठून?

मुलाच्या नावावरील ठेवीच्या व्याजाबाबत कायदा अधिक वास्तववादी आहे. विवाह कायम असेतो ते व्याज अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते. विवाह संपुष्टात आल्यावर मात्र त्या वर्षी मुलाचे पालनपोषण करणाऱ्या पालकाच्या. म्हणजे हुकूमनाम्यातील ताब्यापेक्षा प्रत्यक्ष सांभाळ महत्त्वाचा. जुन्या करप्रणालीतील शालेय शुल्काची वजावटही ज्याने शुल्क भरले त्यालाच मिळते. त्यामुळे पावत्या जपून ठेवणे आणि खर्चाची वाटणी न्यायालयीन आदेशात स्पष्ट नोंदवून घेणे दोन्ही पालकांच्या हिताचे आहे.

जो निकष मुलाच्या व्याजाला लागतो, तो सामाईक उत्पन्नाला का लागू नये? विभक्त राहण्याची नोंद न्यायालयात झाली असेल, तर प्रत्यक्ष हाती आलेल्या उत्पन्नावरच कर आकारण्याची दुरुस्ती शक्य आहे. समान वाट्याचे तत्त्व स्त्रीला हक्क देण्यासाठी अभिमानाने सांगितले जाते. हक्क हाती येण्यापूर्वीच त्याचा कर तिच्याकडून वसूल होत असेल, तर त्या अभिमानाचा पुनर्विचार व्हायला हवा.