निर्णयाचा सराव

बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की घरात कायदेशीर पालकत्वाच्या कागदांची धावपळ सुरू होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्याखालची स्थानिक स्तर समिती हे पालकत्व देते. जिल्हाधिकारी दर्जाचा एक अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी या समितीची रचना आहे. त्यातली दिव्यांग व्यक्ती कोणत्याही प्रकारच्या अपंगत्वाची चालते. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय या समितीपुढे होतो, त्यांच्यापैकीच कुणी तिथे बसलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. त्या खुर्चीवर बसायला कुणाला तयार करावे, हा विचारही आपल्याकडे रुजलेला नाही.

या मुलांच्या आईवडिलांना आयुष्यभर एकच प्रश्न जाळतो: आमच्यानंतर काय? त्यांनी त्याची उत्तरे स्वतःच्या हिमतीने शोधली. मुंबईत 1944 मध्ये जय वकील शाळा सुरू झाली, पुढे गावोगावी विशेष शाळा आल्या, पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांनी कर्मशाळा आणि निवासी घरे बांधली. या माणसांचे ऋण मोठे आहे. पण या साऱ्या उत्तरांत सांभाळणारा कोण, राहायचे कुठे आणि पैसा कुठून, एवढेच बघितले गेले. ज्याला सांभाळायचे, त्याला आपले म्हणणे मांडता यावे, ही तयारी मागे राहिली.

ही तयारी रोजच्या जगण्यात होते किंवा रोजच्या जगण्यात मोडते. तीस वर्षांच्या माणसाचा शर्ट आई निवडते. बँकेतला कर्मचारी त्याच्यासमोर त्याच्या वडिलांना विचारतो, ‘याला काय हवंय?’ कर्मशाळेत त्याने पणत्या रंगवायच्या की कागदी पिशव्या करायच्या, हे शिक्षक ठरवतात. सांगितलेले मुकाट्याने केले की ‘शहाणा आहे, ऐकतो’ अशी शाबासकी मिळते. वीस-पंचवीस वर्षे ऐकण्याचेच बक्षीस मिळालेल्या माणसाकडून एकाएकी मत कसे येणार? मग त्याला मतच नाही, असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो.

या ऐकण्याची किंमत फार भयंकर असते. मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणायला ज्या मुलीला कधी शिकवले नाही, ती अंगाला हात लावणाऱ्यालाही ‘नको’ म्हणू शकत नाही. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिले गेले. महाराष्ट्रात तेव्हा वादळ उठले, पण त्या मुलींना काय वाटते हे ऐकण्याची सोय त्या वादळातही नव्हती. पुढे 2009 मध्ये चंडीगडच्या एका सरकारी आश्रयगृहातल्या तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बलात्कारातून ती गरोदर राहिली होती आणि उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवे होते. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने तिची संमती नाही म्हणून तो आदेश थांबवला. तिने आपली इच्छा सांगितली आणि कुणीतरी ती ऐकली, म्हणून हे घडले.

अशी इच्छा सांगायला शिकवता येते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1974 मध्ये मोठ्या निवासी संस्थेतून बाहेर पडलेल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांनी ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना सुरू केली आणि स्वतःची परिषद स्वतः भरवली. मिनेसोटा राज्याने 1987 पासून दोन-दोन दिवसांच्या आठ सत्रांचा अभ्यासक्रम चालवला. कायदा कसा होतो, अंदाजपत्रकात पैसा कसा ठरतो, लोकप्रतिनिधीशी काय बोलायचे, हे तिथे विकासात्मक अक्षमता असलेले प्रौढ आणि अशी अक्षमता असलेल्या लहान मुलांचे पालक शेजारी बसून शिकले. न्यूझीलंडच्या रॉबर्ट मार्टिन यांचे बालपण बंदिस्त संस्थांत गेले. 2016 मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीवर निवडून आले. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती त्या समितीवर जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

शिकवायचे असते ते साधेच, पण चिकाटीचे. बैठकीचा विषय सोप्या भाषेत आणि चित्रांसह आधी हातात द्यायचा. बोलायला वेळ द्यायचा आणि तो वेळ संपेपर्यंत कुणी मध्ये बोलायचे नाही. तक्रार कुठे करायची ते दाखवायचे, पैसे मोजायचे आणि खर्च ठरवायचा, नकार द्यायचा सराव करायचा. सर्वांत कठीण धडा मदतनीसाचा असतो: सोबत बसायचे आणि उत्तर आपण द्यायचे नाही. आईवडिलांना हा धडा सर्वांत जड जातो, आणि तो त्यांच्या मायेमुळेच जड जातो.

ज्याला बोलताच येत नाही त्याचे काय, असे पालक विचारतात. प्रश्न खरा आहे. सगळेच सभेत भाषण करणार नाहीत. पण चित्रफलकावर बोट ठेवणे, ताट दूर सारणे, एका माणसाजवळ जाणे आणि दुसऱ्याला टाळणे हेही म्हणणेच असते. ते वाचायला शिकावे लागते. मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे, त्यांचे बोलणे परक्याला सहज कळत नाही. एका बोटाने टंकलेखन करत त्यांनी आत्मकथन लिहिले आणि दिव्यांगांचा हक्कगट उभा केला. उच्चार अस्पष्ट म्हणजे बुद्धी नाही, हा समज त्यांना जन्मभर खोडून काढावा लागला.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्व सांगतो. ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, आणि निर्णय पालक व दिव्यांग व्यक्ती अशा दोघांनी मिळून घ्यायचा. पण मिळून निर्णय घ्यायला दुसऱ्या माणसाला निर्णयाचा सराव हवा. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमतेची नोंद 15 लाख लोकांची होती. त्यांना हा सराव कुठे मिळणार?

महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. या विभागाने विशेष शाळांच्या वरच्या वर्गांत आणि कर्मशाळांत हे प्रशिक्षण अनिवार्य करावे, प्रत्येक कर्मशाळेत तिथल्या लोकांनीच निवडलेली समिती नेमावी. स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखावा लागतो. त्यातला काही भाग साहित्यवाटपाऐवजी मदतनीस तयार करण्यावर खर्च व्हावा. तामिळनाडूने 2025 मध्ये गावपंचायतींपासून नगरसंस्थांपर्यंत दिव्यांग सदस्य नेमण्याचा कायदा केला. आपणही तो करावा, आणि त्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांना डावलू नये.

सरकारची वाट न पाहता पालकांना एक गोष्ट आजच करता येईल. सक्षम न्यायालयाने विकल मनाचे ठरवल्याशिवाय केवळ बौद्धिक अक्षमतेमुळे कुणाचा मताधिकार जात नाही. आपल्या अठरा वर्षांवरील मुलामुलींची नावे मतदार यादीत नोंदवा, उमेदवारांची चिन्हे त्यांना घरी दाखवा, आणि मतदानाच्या दिवशी कुणाला मत द्यायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.