गोपनीयता नेमकी कुणापासून?

पगारवाढीची मागणी घेऊन कामगार संघटना व्यवस्थापनासमोर बसली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'कंपनीची परिस्थिती बिकट आहे.' दुसरे, 'हिशेब गोपनीय आहेत.' ही वाक्ये सुटी घेतली तर दोन्ही खरी असू शकतील. एका दमात उच्चारली गेली की मात्र त्यांचा अर्थ एवढाच उरतो : आम्ही सांगतो ते माना, पुरावा मागू नका. याला वाटाघाट म्हणत नाहीत. याला आज्ञा म्हणतात.

आपल्याकडे या प्रश्नाची मोठी लढाई झाली ती बँकांत. १९६० साली बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा वाद न्या. के. टी. देसाई यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापुढे मुंबईत आला. त्या काळी बँका नफ्याचा काही भाग गुप्त गंगाजळीत वळवीत आणि बुडीत कर्जांसाठीची तरतूद ताळेबंदात उघड दाखवीत नसत. कर्मचाऱ्यांचे म्हणणे साधे होते. मालकाची ऐपत ठरवायची असेल, तर सगळी तिजोरी मोजली पाहिजे. त्याच वर्षी संसदेने बँकिंग कंपनी कायद्यात ३४-अ हे कलम घातले. अशा गुप्त निधीची माहिती देण्याची सक्ती आता न्यायाधिकरणालाही करता येईना. त्यातील किती रक्कम विचारात घ्यायची हे रिझर्व्ह बँकेने प्रमाणपत्राद्वारे सांगायचे आणि ते अंतिम मानायचे. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. आकडेच मिळणार नसतील, तर संघटना स्थापण्याचा घटनादत्त अधिकार पोकळ ठरतो, हा तिचा युक्तिवाद १९६१ मध्ये फेटाळला गेला.

बँकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावीच लागेल. बँक विश्वासावर चालते आणि एका अफवेने ती कोसळू शकते. १९६० मध्येच केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली होती. पण ठेवीदारांच्या नावाने धरलेला पडदा दर वेळी ठेवीदारांचेच रक्षण करतो काय? २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत काय घडले, हे मुंबईतील हजारो मध्यमवर्गीय कुटुंबे विसरलेली नाहीत. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांहून अधिक होती, आणि ती खोट्या खात्यांआड दडवलेली होती. उघडकीस आले तेव्हा ठेवीदाराच्या हाती सुरुवातीला पडले अवघे हजार रुपये! या प्रकरणाचा ३४-अ कलमाशी थेट संबंध नाही, पण पडद्यामागे काय काय वाढते, हे त्यातून कळते. रिझर्व्ह बँकेलाही बँकांच्या तपासणीची माहिती सरसकट दडवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्येच बजावले होते.

भांडवलशाहीची पंढरी मानल्या जाणाऱ्या अमेरिकेकडेही पाहावे. नॉर्थ कॅरोलिनातील ट्रुइट या पोलादी बांधकाम साहित्याच्या कंपनीकडे संघटनेने ताशी दहा सेंट वाढ मागितली. कंपनी म्हणाली, अडीच सेंटपेक्षा जास्त दिले तर आम्ही बुडू. संघटनेने हिशेब मागितले, कंपनीने नाकारले. १९५६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निर्णय दिला. असमर्थतेचे कारण वाटाघाटीत पुढे करण्याइतके महत्त्वाचे असेल, तर ते सिद्ध करण्याइतकेही महत्त्वाचे आहे, हा त्या निर्णयाचा गाभा. मात्र त्याच न्यायालयाने १९७९ मध्ये डेट्रॉइट एडिसन प्रकरणी, कर्मचाऱ्यांच्या मानसशास्त्रीय चाचणीतील गुण त्यांच्या संमतीविना संघटनेला देण्यास कंपनीने दिलेला नकार योग्य ठरवला. भेद येथेच आहे. माणसाची खासगी बाब जपणे हे कर्तव्य आहे. स्वतःचा दावा तपासला जाऊ नये म्हणून कागद लपवणे ही पळवाट आहे.

'माहिती बाहेर फुटेल' ही सबबही टिकत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, सुनावणीत मिळालेली धंद्याची गुप्त माहिती गोपनीय ठेवण्याची तरतूद होती आणि ती फोडणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. विशेष म्हणजे, संघटनेच्या गुपितांनाही तेच संरक्षण होते. गुपित राखूनही सत्य तपासता येते, हे आपल्या कायद्याला तेव्हाच उमगले होते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळतो. कायद्याने खुर्ची दिली. विश्वास मात्र कायदा देऊ शकत नाही. वर्गसंघर्षाचे आयात तत्त्वज्ञान आपल्याला मान्य नाही. उद्योग हे कुटुंब आहे, असे आपण म्हणतो. मग ज्या घरचा कर्ता रोज तंगीचे रडगाणे गातो आणि तिजोरीची किल्ली कमरेला लपवतो, त्या घरात एकोपा कसा नांदेल?

उद्योगाच्या धुरीणांनी एवढे पथ्य पाळावे. तंत्र, ग्राहक आणि व्यक्ती यांची गुपिते जरूर जपावीत. परंतु ज्या दिवशी 'आम्हाला परवडत नाही' म्हणाल, त्या दिवशी हिशेबाची वही टेबलावर ठेवा. आणि संघटनांनीही हाती आलेला आकडा नाक्यावर वाजवू नये. जो गुपित पचवू शकत नाही, त्याला ते मागण्याचा नैतिक अधिकार नाही. घामाच्या मोबदल्यात काटकसर मागायची असेल, तर आधी सत्य द्यावे लागते.