जुन्या गाडीला निगा हवी, नट्टापट्टा नको

गळीत हंगाम निम्म्यावर आला आणि ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडू लागला की आपल्याकडे पारावर दोन विषय हमखास निघतात. एक, पुढच्या लागणीला बेणे कोणते घ्यायचे. आणि दुसरा, दारातली जुनी गाडी ठेवायची की काढायची. बेण्याचा सल्ला द्यायला आमचे खाते आहे. गाडीचा सल्ला मात्र जो तो देतो, आणि तो बहुधा एका वाक्यात असतो : "तीन लाख किलोमीटर झालीत, आता काय राहिलंय तिच्यात? काढून टाक." या एका वाक्यावर विसंबून वर्षाची कमाई हप्त्यांत घालणारे शेतकरी फिरतीवर नेहमी भेटतात. गाडीचा खर्च हा शेवटी शेतीच्याच खिशातून जातो, म्हणून विस्तार कार्यकर्त्याने या विषयावर चार शब्द लिहिले तर वावगे ठरू नये.

आपल्या भागात जुनी गाडी म्हणजे बोलेरो, सुमो, क्वचित एखादी मार्शल किंवा क्वालिस. सुमो १९९४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. बोलेरो २००० साली आली. या गाड्यांची बांधणी साधी आहे. खाली ट्रकसारखी लोखंडी चेसी, तिच्यावर बॉडी, आणि बहुतेकांना मागे पाटे. पाटण-जावळीचा पाऊस असो की माण-खटावची धूळ, या गाड्या तिथे टिकल्या त्या या बांधणीमुळे. झिजलेला भाग सुटा काढता येतो, नवा बसवता येतो, आणि तालुक्याच्या गावात तो बसवणारा मिस्त्रीही मिळतो. तेव्हा काट्यावर तीन लाखांचा आकडा दिसला म्हणजे गाडी संपली, असे समजण्याचे कारण नाही. एवढ्या किलोमीटरमध्ये तिला वेळेवर काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे पाहायला हवे.

हप्ता महिन्याला, बिल वर्षाला

आधी पैशाचे बोलू. उदाहरणादाखल आठ लाखांचे कर्ज १० टक्के दराने पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार रुपये बसतो. वर्षाला दोन लाख चार हजार. पाच वर्षांत दोन लाखांहून अधिक रक्कम नुसती व्याजाची जाते. नोकरदाराला महिन्याला पगार मिळतो, त्याचे जमते. आपल्या उसाला बिल मिळते ते तोडणी झाल्यावर, तेही कधी दोन-तीन हप्त्यांत. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, पण त्यातून पेंड आणि घरखर्च भागवायचा असतो. म्हणजे उत्पन्नाचा हंगाम वेगळा आणि हप्त्याचा वेगळा. मधल्या महिन्यांत हप्ता तुंबला की माणूस सोसायटीकडे, नाहीतर सावकाराकडे जातो. गाडीपायी खताचा डोस चुकलेली शेते आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

याच्या उलट, जुनी गाडी नीट करायला एका वर्षात पन्नास-साठ हजार रुपये लागले तरी ते तीन-साडेतीन हप्त्यांइतके होतात. मात्र हे पैसे योग्य ठिकाणी गेले पाहिजेत. इथेच आपली गफलत होते. पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग, रुंद टायर, मोठा आवाज करणारा टेप, काचांना काळी फिल्म, मागे भलामोठा स्टिकर. एवढे सगळे झाल्यावर ब्रेकचे लायनर बदलायला म्हणून पैसे शिल्लक राहत नाहीत. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवावीत, पण त्याच्या खुराला लागलेले असेल तर आधी खूर बघावा, एवढे आपल्याला कळते. गाडीच्या बाबतीतच आपण का विसरतो?

पहिला पैसा थांबण्यावर

जुन्या गाडीचा पहिला पैसा ब्रेकवर गेला पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. ते दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. नुसते वरून भरत राहू नये. ऑइल जुने झाले की घाटात ब्रेक तापतात, त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जाते. लायनर आणि पॅड झिजायच्या आत बदलावेत. मास्टर सिलिंडर व चाकातले सिलिंडर यांची रबरे कडक झाली असतील तर ती एकदमच टाकून घ्यावीत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कुंभार्ली, पसरणी, खंबाटकी असे घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे, काही तर इंजिन बंद करणारे लोक अजून आहेत. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असतानाच तयार होतो. इंजिन बंद झाले की एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हे जुन्या ड्रायव्हर मंडळींचे सांगणे आजही खरे आहे. दोन-चार रुपयांच्या डिझेलसाठी गाडीतली लेकरेबाळे पणाला लावायची नसतात.

दुसरा पैसा टायर आणि स्टिअरिंगवर. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी चांगली दिसते म्हणून सात-आठ वर्षांचा, भेगाळलेला टायर चालवू नये. उन्हाळ्यात डांबर तापले की तोच फुटतो. खोबणीत आडव्या उंचवट्याची खूण असते. नक्षी झिजून त्या खुणेला टेकली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पुढची चाके जॅकवर उचलून हाताने हलवून पाहावीत. खडखड लागली तर बॉल जॉइंट, रॉड एंड किंवा बेअरिंग तपासून घ्यावे.

तिसरा पैसा पाणी आणि तेलावर. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची आपल्याला सवय आहे. ज्या क्षारांनी ठिबकचे ड्रिपर बंद पडतात, तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. ड्रिपर बंद पडला तर चार झाडे सुकतात. रेडिएटर बंद पडला तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. होजपाइप फुगला असेल, फॅनबेल्टला चिरा असतील तर ते उन्हाळ्याआधी बदलावेत. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलावा. धुळीच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीचे त्याआधीच बदलावे. ऊसतोडीच्या दिवसांत एअर फिल्टर आठवड्याला उघडून पाहावा. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे. ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या कॅनमधले गाळाचे डिझेल गाडीत ओतू नये. नव्या पद्धतीच्या इंजेक्टरला ते मुळीच चालत नाही. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या पिना यांना ग्रीस मारायला शंभर-दोनशे रुपये लागतात, पण ते न मारल्याचा खर्च हजारांत जातो.

धूर काय सांगतो

पिकाच्या पानावरून आपण रोग ओळखतो, तसा धुरावरून इंजिनाचा आजार ओळखता येतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर, मग इंजेक्टर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो यांत दोष असतो. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा धूर आला तर घाबरू नये, पण गाडी तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी पुढे रेटू नये. पानावर डाग दिसला की लगेच तीन औषधांची फवारणी करणारा आणि धूर दिसला की लगेच इंजिन उतरवणारा, दोघेही सारखेच. निदान आधी, औषध नंतर.

सुधारणा करा, पण कामाची

जुन्या गाडीत काही बदल जरूर करावेत. मागच्या सीटला पट्टे नसतील किंवा तुटले असतील तर चांगले पट्टे बसवून घ्यावेत. हेडलाइटच्या वायरिंगला रिले टाकली तर आहे त्याच बल्बचा उजेड वाढतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, तेव्हा हा उजेड उपयोगी पडतो. मात्र समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे लावू नयेत. शॉकअप बदलले, सीटचा फोम नवा टाकला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना प्रवास सुसह्य होतो. टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच ठेवावेत. मोठ्या टायरने ॲव्हरेज पडतो, ब्रेक आणि गिअरवर ताण येतो आणि वेगाचा काटा कमी वेग दाखवतो.

पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवले आहे. गार्डमुळे धडकेचा दणका थेट चेसीला जातो आणि समोरचा पादचारी वाचायचा तो वाचत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. विमा कंपनीलाही आयते निमित्त मिळते. तीच गोष्ट वडापची. खाजगी पासिंगच्या गाडीत भाडे घेऊन माणसे भरली आणि अपघात झाला, तर विम्याचे संरक्षण मिळत नाही. मग दहा-वीस रुपयांच्या भाड्यापायी जमीन विकायची पाळी येते.

कागदाबद्दल गैरसमज

दहा वर्षांची डिझेल गाडी सरकार भंगारात घालते, अशी भीती घालून जुन्या गाड्या कवडीमोलाने घेणारे दलाल गावात फिरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिलेला दहा वर्षांचा आदेश दिल्ली व राजधानी परिसरापुरता होता. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, पण तो नियम सरकारी गाड्यांना आहे. आपल्या खाजगी गाडीची १५ वर्षांनी आरटीओकडे तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारीला दहा हजार. शिवाय पर्यावरण कर. हा खर्च हिशेबात धरावा, मुदत चुकवू नये, आणि पीयूसी खरी तपासून घ्यावी. खिडकीतून कागद घेऊन नव्हे.

जुनी गाडी कायमच ठेवावी असे माझे म्हणणे नाही. चेसीला तडा गेला असेल, गंजाने पत्रा हाताने तुटत असेल, अपघातात चेसी वाकली असेल, तर एक रुपयाही घालू नये आणि ती दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नये. इंजिनाचे पूर्ण काम निघाले तर आधी दोन मिस्त्रींकडून अंदाज घ्यावा. तो खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल तर थांबून विचार करावा. पण हा निर्णय हिशेबाने व्हावा. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी आली म्हणून होऊ नये.

हिशेबासाठी वही लागते. सरकारी जीपला लॉगबुक असायचे. जीपचे बाकी काही घेऊ नका, पण ते लॉगबुक घ्या. तारीख, किलोमीटर, डिझेल, काय बदलले, किती लागले, एवढे पाच रकाने. वर्षअखेरीस बेरीज केली की गाडी परवडते की नाही ते वही सांगते, आणि पुढे विकायची वेळ आली तर हीच वही भाव वाढवते. ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील मंडळींपैकी अनेकांच्या स्वतःच्या जुन्या गाड्या आहेत. त्यांनी ही वही घातली तर गाव त्यांचे पाहून शिकेल.

शेतकरी बंधूंनो, नव्या वहीचे पहिले पान या रविवारीच लिहा. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, खाली वाकून चारही चाकांच्या आतली बाजू पाहा. तिथे ओल दिसली तर ती पावसाची नसेल, ब्रेक ऑइलची असेल. तशी दिसली तर सोमवारी आधी मिस्त्रीकडे जा, बाजाराला नंतर.