भिंतीवरून उडी मारण्याआधी

गेल्या महिन्यात आपाचा फोन आला. "अरे, तुझा भाचा मोबाईलवर बघून भिंतींवरून उड्या मारतो. आता म्हणतो, जिम लावून द्या. याचे अब्बू म्हणतात, वजन उचललं की उंची खुंटते. तूच येऊन समजाव."

रविवारी गेलो. पोरगा पंधरा वर्षांचा, अंगाने काटक. जिना उतरताना मात्र तो कठडा धरून उतरत होता. एकटा सापडल्यावर विचारले, तेव्हा म्हणाला, "मामू, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. अम्मीला सांगू नका, उड्या बंद होतील."

अशी मुले बऱ्याच घरांत असतील, म्हणून या वेळी हाच विषय.

या उड्यांना पार्कूर म्हणतात. हा खेळ फ्रान्समधला. पॅरिसच्या दक्षिणेला लिस नावाचे गाव आहे. तिथे डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी तो घडवला. डेव्हिडचे वडील रेमंड पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. त्यांच्या कसरतीचे मूळ जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या व्यायामपद्धतीत होते. एबेरने धावणे, उडी, चढणे, तोल सांभाळणे यांच्याबरोबर ओझे उचलणेही शिकवले. बळ कमवायचे ते कुणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी, हे त्याचे सूत्र होते. म्हणजे वजन उचलणे या खेळाला परके नाही.

आता गुडघ्याचे. उंचावरून उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो स्नायूंनी झेलला नाही तर सांध्यांवर जातो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना महिनोन्‌महिने लागतात. वाढीच्या वयात तर हाडाचा तो भाग आणखी नाजूक असतो. भाच्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी हेच सांगितले आणि काही आठवडे उड्या थांबवल्या.

राहिला उंचीचा प्रश्न. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामामुळे उंची खुंटत नाही. धोका असतो तो ईर्षेने उचललेल्या वजनाचा आणि चुकीच्या पद्धतीचा.

दुखणे थांबल्यावर, डॉक्टरांना विचारून, असे सुरू करावे :

– आधी महिनाभर नुसत्या बैठका, जोर आणि दोरी. गुडघे आत वळू नयेत, पाठ सरळ राहावी.

– मग आठवड्यातून दोनच दिवस वजन, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. खांद्यावर वजन घेऊन बैठक, जमिनीवरून वजन उचलणे, बारला लटकून अंग वर ओढणे आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणे एवढे पुरे. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत अंग डगमगू लागले तर वजन जास्त आहे असे समजावे.

– बैठकीत खाली जाताना सावकाश जावे. वर येण्याचे बळ उडी मारायला लागते, पण उतरताना कामी येते ते खाली जाताना शरीर आवरण्याचे बळ.

– उड्यांचा सराव ताज्या अंगाने करावा. वजन उचलून पाय थरथरत असताना भिंतीवर चढू नये.

– दंड फुगवण्याच्या नादी लागू नये. पार्कूरमध्ये स्वतःचे वजन स्वतःलाच वाहायचे असते. पावडरी आणि इंजेक्शने तर नकोतच. घरची डाळ, अंडी, दूध, मटण आणि पुरेशी झोप यांवर काम भागते.

उतरण्याची परीक्षा सोपी आहे. गुडघे वाकवून, पायाच्या चवड्यांवर उतरावे आणि आवाज येऊ नये. धप्प आवाज आला तर ती उंची अजून आपली नाही, खालच्या पायरीवर परतावे.

त्या रविवारी मी आपाला काही सांगितले नाही. भाच्याला म्हटले, "तूच सांग, मी शेजारी बसतो." त्याने सांगितले. आपा रागावली, रडली, आणि मग तिने विचारले, "किती दिवसांपासून दुखतंय?" उड्या बंद होतील या भीतीने तो चार महिने गप्प होता.

आता आठवड्यातून दोन दिवस त्याचे अब्बू दुकान बंद करून त्याच्याबरोबर जिमला जातात. उंचीबद्दल अजून कुरकुर करतात, पण बैठका मोजतात तेच.