कॅम्पिंगला जाताय? स्टाइलही जपा आणि ऊबही

ग्रुप ठरला, तंबू बुक झाला, रजाही मंजूर झाली. आता प्रश्न एकच, घालायचं काय? सोशल मीडियावरचे कॅम्पिंगचे फोटो पाहिले की वाटतं, क्रॉप टॉप, डेनिम शॉर्ट्स, पांढरेशुभ्र स्नीकर्स आणि डोळ्यांवर गॉगल असला की झालं! पण त्या फोटोंत रात्री पडणारं दव दिसत नाही, चिखल दिसत नाही आणि डास तर मुळीच दिसत नाहीत.

मागच्या डिसेंबरात मी हीच चूक केली. आई, मावशी आणि आम्ही मावसभावंडं पवना धरणाच्या काठी एका रात्रीसाठी तंबूत राहायला गेलो होतो. पाण्याच्या कडेला फोटो काढताना माझी स्किनी जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली आणि सकाळपर्यंत काही वाळली नाही. बदलायला मी दुसरी जीन्सच नेली होती, तीही गुडघ्यावर फाटलेली, फॅशनेबल! रात्री दात वाजायला लागले तेव्हा आईने तिच्या बॅगेतून बाबांची जुनी ट्रॅकपँट आणि स्वतःची लोकरी शाल काढून दिली. गंमत म्हणजे हीच आई निघायच्या आदल्या दिवसापर्यंत ‘तुम्ही जा गं, साडीत मी तिथे कशी वावरणार आणि या वयात पँट कशी घालणार?’ म्हणून यायला तयार नव्हती.

कपड्यांमुळे कोणाचा बेत बिघडतो, तर कोणाचा बेतच रद्द होतो. म्हणूनच या वेळी बोलूया कॅम्पिंगच्या कपड्यांबद्दल. दिसायला छान, वावरायला सोपे आणि शक्यतो घरातल्याच कपाटातून निघतील असे.

आधी कापड बघा, मग रंग

सुती कपडा उन्हात छान, पण घाम किंवा पाणी शोषून घेतो आणि लवकर वाळत नाही. ओला कपडा अंगातली उष्णता ओढून घेतो, म्हणून थंडीत सुती बनियन आणि जीन्स हा सर्वात वाईट जोड. त्याऐवजी पॉलिस्टर किंवा नायलॉनचे हलके, पटकन वाळणारे टीशर्ट आणि पँट निवडा. तुमच्या जिमच्या किंवा योगाच्या कपड्यांतही हेच कापड असतं, त्यामुळे नवीन खरेदीची गरज नाही. लोकर मात्र थोडी ओली झाली तरी ऊब देते.

रंगाचंही गणित आहे. काळा, गडद निळा अशा रंगांकडे डास जास्त आकर्षित होतात. खाकी, बेज, ऑलिव्ह, फिकट राखाडी हे रंग मळखाऊ आहेत आणि हिरवळीच्या पार्श्वभूमीवर फोटोतही उठून दिसतात. मुलांना मात्र लाल, पिवळा, केशरी असे भडक रंग घाला. झाडाझुडपांत ती लांबूनही पटकन दिसली पाहिजेत.

तीन थरांचं सूत्र

एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर जास्त उपयोगी पडतात, कारण थरांच्या मधली हवा ऊब धरून ठेवते आणि गरम झालं की एकेक थर उतरवता येतो.

पहिला थर अंगाला लागून, घाम बाहेर टाकणारा. फुल स्लीव्ह टीशर्ट किंवा थर्मल.
दुसरा थर उबेचा. फ्लीसचं जॅकेट, लोकरी स्वेटर किंवा हुडी.
तिसरा थर वारा आणि पाऊस अडवणारा. हलकं विंडचीटर किंवा रेनकोट.

स्टाइल इथेच साधता येते. आतले दोन थर साधे, एकाच रंगाच्या छटांचे ठेवा आणि बाहेरचं जॅकेट मोहरी, विटकरी किंवा शेवाळी रंगाचं घ्या. एकाच जॅकेटमध्ये सगळे फोटो छान येतात.

ठिकाण बदललं की कपडे बदलतात

सह्याद्रीत मे महिन्याच्या शेवटी भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणार असाल तर कधीही पाऊस येऊ शकतो हे धरून चला. पूर्ण बाह्यांचा टॉप, पटकन वाळणारी पँट आणि पाँचो पुरेसा आहे. तिथे चमचमते कपडे कोणाला दिसणारही नाहीत, कारण काजवे पाहताना टॉर्च आणि मोबाइलचा उजेड बंदच ठेवायचा असतो.

हिमालयात गोष्ट वेगळी. साधारणपणे दर 1000 मीटर उंचीमागे तापमान 6 ते 6.5 अंशांनी घसरतं. स्पितीतला चंद्रताल 4200 मीटरहून उंच आहे, तिथे उन्हाळ्यातही रात्री कडाक्याची थंडी असते. थर्मल, लोकरी टोपी, हातमोजे आणि मोज्यांचे जास्तीचे जोड हवेतच. तिथली लोकरी कुल्लू शाल किंवा हिमाचली टोपी घातलीत तर ऊबही मिळेल आणि लुकही.

जैसलमेरच्या वाळूत हिवाळ्यात दुपारी ऊन लागतं आणि रात्री गारठा. दिवसा सैल सुती कुर्ता, डोक्याला बांधणीची ओढणी आणि रात्रीसाठी जॅकेट. तिथल्या कोरड्या हवेत सुती कपडा चालतो, फक्त रात्री तो बदलायला विसरू नका.

कूर्गसारख्या ओल्या जंगलात पावसाळ्यात जळवा असतात. पँटचे पाय मोज्यांत खोचा. दिसायला थोडं विचित्र वाटेल, पण रात्री पायावरून जळू काढण्यापेक्षा बरं!

शेकोटीजवळ जपून

कॅम्पिंगचा सगळ्यात सुंदर फोटो शेकोटीचा असतो आणि धोकाही तिथेच असतो. नायलॉन, पॉलिस्टर, फ्लीस यांच्यावर ठिणगी पडली की भोक पडतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटू शकतं. म्हणून शेकोटीजवळ बसताना वरून लोकरी शाल किंवा घोंगडी घ्या. आपली घोंगडी मेंढीच्या लोकरीची असते, राकट असते आणि हल्ली तिचं पाँचोसारखं रूप खूप उठून दिसतं. लोंबणारी ओढणी, झालरीच्या बाह्या आणि मोकळे लांब केस मात्र बांधून ठेवा.

पायांची काळजी

नवे कोरे बूट घालून कॅम्पिंगला जाऊ नका. आधी आठवडाभर घरात, बाजारात जाताना वापरा. चालताना पाय सुजतात, म्हणून बोटांपुढे थोडी जागा हवी. तळव्याला पकड असलेले बूट दिवसा आणि तंबूजवळ वावरायला मागे पट्टा असलेली सँडल. झोपताना घालायचे मोजे वेगळे, कोरडे ठेवा. सकाळी बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटका, रात्रीतून आत विंचू किंवा किडा शिरलेला असू शकतो.

आई, मावशी आणि आजीसाठी

‘मी काय घालू?’ हा प्रश्न त्या मोठ्याने विचारत नाहीत, ‘मला नाही जमायचं’ म्हणतात. तेव्हा तुम्हीच पुढाकार घ्या. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, बाजूला लांब चीर, खाली ट्रॅकपँट किंवा जाड लेगिंग आणि वरून जॅकेट. हा पेहराव सुटसुटीत आहे आणि त्यांना अवघडल्यासारखंही होत नाही. ज्यांना साडीच हवी त्यांच्यासाठी सिंथेटिक साडी थोडी आखूड नेसून आत लेगिंग घालता येते, फक्त शेकोटीपासून लांब बसवा. काष्टा घालून नऊवारीत शेतात दिवसभर राबणाऱ्या बायकांना आपण चालण्या-वाकण्याचे धडे द्यायला नकोत!

आणखी एक, कपडे बदलायची सोय सगळीकडे असेलच असं नाही. मोठा सैल गाऊन किंवा पाँचो असला की त्याच्या आत कपडे बदलता येतात. मासिक पाळीचे दिवस असतील तर गडद पँट, जास्तीच्या चड्ड्या आणि वापरलेले पॅड परत आणायला घट्ट झिपची पिशवी बॅगेत ठेवा. जंगलात काहीच टाकायचं नाही.

हे टाळा

तीव्र वासाचा परफ्यूम लावू नका, मधमाश्या चवताळू शकतात. गडकिल्ल्यांच्या कड्यांवर मोठी पोळी असतात.
लोंबते कानातले आणि महागडे दागिने घरीच ठेवा. एक साधं घड्याळ आणि छोटे टॉप्स पुरेसे.
सीमेजवळच्या भागात लष्करी गणवेशासारखे दिसणारे कपडे घालू नका.

एका रात्रीची बॅग

दोन टीशर्ट, एक पटकन वाळणारी पँट, झोपण्यासाठी वेगळा कोरडा जोड, एक स्वेटर, एक विंडचीटर, मोज्यांचे तीन जोड, टोपी आणि एक मोठा रुमाल किंवा पंचा. पंचा उन्हात डोक्याला, थंडीत गळ्याला आणि आंघोळीनंतर टॉवेल म्हणून चालतो. झोपायचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. बाकी सगळं भिजलं तरी चालेल, हा जोड कोरडा राहायला हवा.

आमच्या त्या सहलीचा सगळ्यात छान फोटो माझा नाही, आईचा आहे. निळा कुर्ता, मावशीची ट्रॅकपँट, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज आणि हातात चहाचा कप. फोटो पाहून बाबा म्हणाले, “ही तर कॉलेजात असल्यासारखी दिसतेय!” या वर्षी तंबू बुक करायची आठवण आईनेच करून दिली आहे. तुमच्या घरातलं कोणी ‘मला नाही जमायचं’ म्हणत असेल तर आधी त्यांचं कपाट उघडा, कदाचित उत्तर तिथेच घडी घालून ठेवलेलं असेल.