बाळंतपणाच्या रजेत नोकरी बदलताना

बाळंतपणाची रजा ही मालकाची मेहेरबानी नाही, तो बाईचा हक्क आहे, हे आपल्या वस्त्यांत आता बऱ्याच भगिनींना माहीत आहे. पण रजेवर असतानाच दुसरे काम चालून आले किंवा ठेकेदार बदलला, तर रजेच्या पैशांचे काय होते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. दवाखान्यातील साफसफाई, पॅकिंगचे कारखाने, मॉल, खासगी शाळा येथे आपल्या लेकीसुना राबतात. पोट दिसू लागले की सुपरवायझर एक कागद पुढे करतो आणि म्हणतो, "सही कर, बाळ मोठं झालं की ये." तो कागद बहुधा राजीनाम्याचा असतो. आमचे मत स्पष्ट आहे. रजा पूर्ण होईपर्यंत राजीनामाही देऊ नये आणि नव्या कामावरही जाऊ नये.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने दोन हयात अपत्यांपर्यंत रजा २६ आठवड्यांची झाली. त्यानंतरच्या बाळंतपणाला ती १२ आठवडे मिळते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क कायम आहेत.

आता मुख्य मुद्दा. रजेच्या काळात बाईने दुसरीकडे पगारी काम केले, तर तेवढ्या काळाचे रजेचे पैसे तिला मिळत नाहीत, असे कायदाच सांगतो. हिशोब करून पाहू. एखाद्या बाईची रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणजे ९१,००० रुपये. यात रविवारही धरायचे असतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच दिला आहे. समजा १५ आठवडे झाल्यावर तिला ६०० रुपये रोजाचे काम मिळाले आणि ती गेली. उरलेल्या ११ आठवड्यांचे, म्हणजे ७७ दिवसांचे ३८,५०० रुपये गेले. नव्या ठिकाणी रविवारचा रोज नाही, म्हणून ६६ दिवसांचे ३९,६०० रुपये मिळाले. फायदा किती? ११०० रुपये. त्यात रिक्षाभाडे आणि बाळाची दुधाची पावडर भागवा. हाती काही उरत नाही, आणि बाळाचे अंगावरचे दूध मात्र तुटते.

म्हणून नवे काम चांगले असेल तर ते सोडू नका, फक्त रुजू होण्याची तारीख रजा संपल्यानंतरची मागा आणि ती लेखी घ्या. राजीनामाही तेव्हाच द्या. रजेच्या मध्येच राजीनामा दिला की उरलेले पैसे अडवायला मालकाला निमित्त मिळते.

गरोदरपणातच काम बदलायचे असेल तर आधी एक गोष्ट तपासा. पगारातून ईएसआय कापले जाते का? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. तिथे रजेचे पैसे मालक देत नाही, विमा महामंडळ देते. आधीच्या सलग दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांचा हप्ता भरलेला लागतो. विमा क्रमांक एकच असल्याने जुन्या आणि नव्या कामाचे दिवस एकत्र धरले जातात. म्हणून नव्या ठिकाणी नवा क्रमांक काढू देऊ नका, जुनाच द्या. ठेकेदार बदलला तरी हेच करा. ईएसआय नसेल तर मात्र पैसे मालकाकडून घ्यायचे असतात, आणि त्याच मालकाकडे प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले लागते. मालक बदलला की हे ८० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

"तू कंत्राटी आहेस, तुला काही नाही," असे कोणी म्हटले तर गप्प बसू नका. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील मजूर स्त्रियांनाही प्रसूती लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले. २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर महिलेच्या प्रकरणात, कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ थांबत नाहीत, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. रजेमुळे कामावरून काढणेही बेकायदेशीर आहे.

हा प्रश्न पैशाइतकाच आरोग्याचा आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घेण्यास कायद्यानेच मनाई आहे, कारण शरीराची झीज तोवर भरून आलेली नसते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे असते. रजा पूर्ण घेतली तरच त्यातले बरेचसे महिने साधतात. कामावर परतल्यावरही बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या मिळतात.

धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनी मात्र या कायद्याबाहेर राहतात. मातृवंदना योजनेत अटी पूर्ण केल्यास पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी अंगणवाडी ताईंना भेटावे. पण २६ आठवड्यांच्या मजुरीपुढे ही रक्कम फारच तोकडी आहे, आणि हा अन्याय दूर झाला पाहिजे.

घरातल्या सासूबाईंना, नवऱ्याला आमची विनंती आहे. सून घरी बसून आहे असे म्हणू नका, ती रजेवर आहे. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पगाराच्या पावत्या आणि विमा क्रमांक जपून ठेवा. न वाचता सही करू नका. पैसे अडले तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा. एकटीने जमत नसेल तर विहारात येऊन सांगा, दोघीतिघी मिळून जाऊ. जय भीम!